बोटभर फट

दिवाळीला आठ दिवस राहिले की घरोघरचे पत्र्याचे डबे माळ्यावरून खाली उतरतात आणि दरवर्षी एकच नाटक घडते. चिवड्याच्या डब्याचे झाकण शंकरपाळ्यांच्या डब्यावर बसत नाही, आणि शंकरपाळ्यांचे झाकण चकलीच्या डब्यावर असे काही घट्ट बसते की ते काढायला शेजारच्या घरातून माणूस बोलवावा लागतो. सगळे डबे एकाच दुकानातले, एकाच मापाचे. तरी प्रत्येक झाकण आपला डबा ओळखते आणि दुसऱ्याच्या डब्यावर गेले की रुसते. आमच्याकडे तर डब्यांवर आणि झाकणांवर खिळ्याने ओरखडून आकडे घातलेले आहेत. मला पुष्कळ वर्षे वाटत असे की झाकण बसवणे या विषयात याहून अवघड असे जगात काही नसावे.

ती समजूत २०२४ च्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, सेंट लुइस शहराच्या एका उपनगरातल्या गॅरेजात पार धुऊन निघाली.

मी मॅट्रिक झालेली बाई. मिरजेत लहान मुलांना शिकवते आणि रात्री भांडीकुंडी आवरली की कादंबऱ्या लिहिते. मोटार म्हटले की मला एसटीची खिडकी आठवते. तिच्या पुढच्या भागात काय असते याची चौकशी मी कधी केली नाही. पण माझे मामा १९७१ साली मिसूरीतल्या रोला गावी इंजिनिअरिंग शिकायला गेले ते तिकडचेच झाले, आणि आता शहात्तराव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेचा मधला भागच झिजून गेला. कडेकडेचे दिसते, पण ज्याच्याकडे बघावे तेच दिसत नाही. मामींनी फोन केला, "दोन महिने ये. तुझी सुट्टी आहे. यांना सोबत होईल आणि मला जरा उसंत मिळेल." तिकीट मागोमाग आले.

सोबत म्हणजे पेपर वाचून दाखवणे, संध्याकाळी हात धरून फिरवून आणणे, असे मी समजले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा चहा पिता पिता म्हणाले, "तुला रेघ सरळ आहे की नाही ते कळतं ना?"

"बावीस वर्षं मुलांच्या पाट्यांवरच्या रेघाच बघतेय मी," मी म्हटले.

"मग चल गॅरेजात."

गॅरेजात मामींची सवत उभी होती. हा शब्द मामींचाच. १९७९ साली, लग्नानंतर चारच महिन्यांनी, मामांनी ही लाल रंगाची, दोनच माणसे बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली, आणि तेव्हापासून मामी तिला 'लाल सवत' म्हणतात. १९७४ सालचे मॉडेल, कंपनी शेव्रोले, नाव कॉर्व्हेट. पुढचे नाक लांबच लांब, मडगार्ड फुगीर, कंबर बारीक. गाडी उभी असतानाही पळते आहे असे वाटते. मामांनी सांगितले की १९६८ साली आलेला हा आकार 'मॅको शार्क' नावाच्या एका नमुन्याच्या गाडीवरून, म्हणजे शार्क माशावरून घेतला होता. मला मात्र तिच्यात उन्हात आळसावलेली मांजर दिसली. मी तसे बोलून दाखवले नाही.

या गाडीचे खरे वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही, बोटाने टिचकी मारली की कळते. पत्र्याचा टणत्कार येत नाही. पुठ्ठ्याच्या जाड खोक्यासारखा 'ठप्' असा मंद आवाज येतो. अंग सगळे फायबरग्लासचे, म्हणजे काचेचे धागे आणि राळ यांचे. काचेच्या धाग्याची गोष्टही मोठी गमतीची आहे. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना सांधण्याच्या खटपटीत होता. दाबाची हवा वितळलेल्या काचेवर बसली आणि तिचे केसासारखे बारीक तंतू उडाले. करायला गेला एक आणि झाले दुसरेच! पुढे वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, मिशिगनमधल्या फ्लिंट गावी पहिल्या तीनशे कॉर्व्हेट तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पोलादी पत्रा दाबायचे साचे फार महाग पडतात आणि तयार व्हायला वेळ घेतात. गाड्या थोड्याच काढायच्या असतील तर फायबरग्लास परवडतो, हा त्यामागचा हिशेब. त्यासाठी लागणारे भाग ओहायोतल्या अ‍ॅश्टब्यूला गावी रॉबर्ट मॉरिसन या गृहस्थांच्या कारखान्यात बनत. आपल्याकडेही १९८० नंतर बंगलोरच्या सिपानी मंडळींनी 'डॉल्फिन' नावाची छोटी मोटार काढली होती, तिचे अंगही याच जातीचे. मामांची गाडी मात्र सेंट लुइसचीच. १९८१ पर्यंत इथल्या नॅचरल ब्रिज रस्त्यावरच्या कारखान्यात कॉर्व्हेट तयार होत असत. "माहेर दहा मैलांवर," असे मामी म्हणाल्या, "म्हणून तर एवढी मिजास!"

आता मुख्य विषय. या गाडीच्या तोंडावरचे झाकण, ज्याला आपण बॉनेट म्हणतो आणि मामा हुड म्हणतात, ते तिच्या अंगावर नीट बसत नव्हते. डाव्या बाजूला मागे मागे रुंद होत जाणारी फट, शेवटाला बोट जाईल एवढी. उजव्या बाजूला पुढे झाकण मडगार्डाला घासून रंग उडालेला. आणि डावा मागचा कोपरा शेजारच्या पृष्ठभागापेक्षा दोन नाण्यांइतका वर. शिवाय मध्यावर एक उंच मदार होती, उंटासारखी. ती मूळची नव्हे. हे झाकणच मूळचे नव्हते.

मूळचे झाकण कुठे आहे ते मान वर केल्यावर दिसले. गॅरेजच्या आढ्याला दोन पट्ट्यांनी टांगून ठेवलेले, धुळीने भरलेले, आणि आडवी चीर गेलेले.

ती चीर १९९८ ची. हे मला मामींनी रात्री स्वैपाकघरात सांगितले, हलक्या आवाजात, कारण मामांचे कान डोळ्यांचीही भरपाई करतात. त्या वर्षी आमची आजी गेली आणि मामा मिरजेला आले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मामा पडवीत बसून असत, कुणाशी बोलत नसत, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून घरी फोन करत आणि परत येऊन "सगळं ठीक आहे म्हणतात" एवढे सांगत, हे माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. तिकडे सगळे ठीक नव्हते. माझा मामेभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. वडील येईपर्यंत गाडीचे तेलपाणी करून ठेवावे म्हणून त्याने बॉनेट उघडले, काम केले, पाना इंजिनावरच्या एअर क्लीनरच्या थाळीवर विसरला आणि बॉनेट दाणकन खाली टाकले. पोलादी पत्रा असता तर पोचा आला असता, आणि पोचा ठोकून काढता येतो. फायबरग्लास वाकत नाही, तो फुटतो. चीर अशी गेली की रंगाखालचे पांढरे धागे बाहेर आले.

पोराने कुणाला सांगितले नाही. सबंध उन्हाळा लोकांच्या अंगणातले गवत कापून त्याने पैसे जमवले होते, त्यातून कुठून तरी नवे बॉनेट मागवले. मदारवाले, कारण त्या वयाच्या मुलांना शर्यतीच्या गाडीची मदार फार आवडते. एल-८८ नावाच्या जुन्या जबरदस्त इंजिनासाठी कंपनीने केलेल्या बॉनेटची ती नक्कल होती. दोन रात्री जागून एकट्याने ते बसवले, लाल रंग मारला. मामा विमानतळावरून घरी आले, सामान ठेवले, गॅरेजात गेले. फटीत बोट घातले. म्हणाले, "यातून उंदीर जाईल."

बस्, एवढेच. ओरडले नाहीत, मारले नाही. पण त्या दिवसापासून पोराने हातात पाना धरला नाही. पुढे तो वकील झाला, शिकागोला राहिला, वर्षातून दोनदा येतो, बापाशी हवापाण्याच्या गोष्टी करतो आणि जातो. मामा पंचवीस वर्षे तीच गाडी त्याच फटीसकट चालवत राहिले. "मी कितीदा म्हटलं, दुरुस्त तरी करून घ्या," मामी म्हणाल्या. "हूं नाही की चूं नाही. आणि आता दिसेनासं झाल्यावर सुचतंय!"

तर अशा त्या झाकणावर आम्ही कामाला लागलो. मी पहिल्याच दिवशी बिजागरीचे बोल्ट शोधू लागले तेव्हा मामांनी माझा हात बाजूला केला. "उंबरा तिरका असेल तर दार रंधून काय उपयोग?" ते म्हणाले. "आधी चौकट बघ."

फायबरग्लास गंजत नाही, पण त्याच्या खाली जो सांगाडा असतो तो पोलादाचा, आणि थंडीत बर्फ वितळावे म्हणून इकडे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते त्याला खाते. अंग आणि सांगाडा यांच्यामध्ये ठरावीक जागी रबराचे गट्टू असतात. उंची जमवण्यासाठी तिथे पत्र्याच्या पातळ चकत्या घालतात, त्यांना शिम म्हणतात. पुढे रेडिएटर ज्या चौकटीत बसतो तिच्याखालीही असेच गट्टू. ते दबले की गाडीचे नाक त्या बाजूला लवते, आणि झाकण ज्या भोकावर बसायचे ते भोकच वाकडे होते. बॅटरी घेऊन मी जमिनीवर आडवी झाले आणि पाहिले, तर डावीकडचा गट्टू जुन्या खोडरबरासारखा चपटा होऊन त्याच्या कडा निघाल्या होत्या. शेजारी विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते आले, लाकडी फळी मध्ये घालून जॅकने नाक केसाकेसाने वर उचलले, नवा गट्टू आणि दोन चकत्या सरकवल्या. जॅक काढल्यावर मी डाव्या फटीकडे पाहिले आणि चकितच झाले. बॉनेटला कुणी स्पर्शही केला नव्हता, तरी मागचा वर आलेला कोपरा निम्म्याने खाली बसला होता.

मग पाळी खटक्यांची. या गाडीचे बॉनेट पुढे बिजागरीवर असते आणि मागून, काचेकडून, उघडते. मागच्या दोन कोपऱ्यांत दोन खटके, दोघांना जोडणारी तार, आणि ती ओढायची मूठ चालकाच्या पायाशी. मामांनी ते दोन्ही खटके आधी काढायला लावले; कडेची रबरी पट्टीही सोलून काढली. त्यांचे म्हणणे असे की लोक झाकण वाकडेच ठेवतात आणि खटक्याच्या जोरावर ते ओढून बसवतात. ते वरून बसल्यासारखे दिसते, पण रोजच्या हादऱ्याने कोपऱ्याला बारीक तडे जाऊ लागतात. खटक्याने धरून ठेवायचे असते, ओढून आणायचे नसते. झाकण नुसते अलगद ठेवले असता, आपल्या वजनाने, जिथे बसायचे तिथे बसले पाहिजे. खटका त्यानंतर.

दोन्ही बाजूंच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावली, रंगाला ओरखडा नको म्हणून. बिजागऱ्यांची भोके गोल नसतात, लांबट खाचा असतात, आणि त्या खाचांपुरतीच आपली सत्ता. बोल्ट पूर्ण सैल करायचे नाहीत. झाकण मनगटाच्या जोराने सरकेल पण सोडल्यावर तिथेच राहील इतकेच. रंगाच्या दुकानात रंग ढवळायला लाकडी पट्ट्या फुकट देतात. त्यांचे तुकडे आम्ही मोजमाप म्हणून वापरले. सगळीकडे पाच मिलिमीटरच्या जवळपास फट हवी होती. आधी पुढची फट, मग बाजूच्या. आजोबा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि मामा मध्ये स्टुलावर बसून, चेहरा गाडीकडे नव्हे तर भिंतीकडे, कारण तसे केले की कडेने थोडे दिसते.

"बोल," ते म्हणायचे.

"उजवी पुढे तीन, मध्ये चार, मागे आठ."

"डावी?"

"पुढे तीन, मध्ये पाच, मागे आठ."

मुलांच्या वहीचा समास बघावा तसे मी बघत होते. मुलांचा समास वरून बोटभर सुरू होतो आणि खाली उतरता उतरता लेखनाला पानभर जागा करून देतो. ते तिरकेपण ओळखायला पट्टी लागत नाही. पण उंचसखलपणा मला दिसत नसे. दोन पृष्ठभाग एका पातळीत आहेत की नाहीत हे लाल रंगाच्या चकाकीत मला सांगता येईना. ते मामा सांगत. उठून येत, मडगार्डावरून बॉनेटवर आणि उलट असा हात फिरवत, डोळे मिटून. "इथं नख अडकतंय," ते म्हणत, आणि मी तिथे खडूने खूण करी. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर असेच बसलेले मी पाहिले आहेत. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे, आणि पुन्हा एकदा. मामा त्याच गल्लीजवळ वाढले.

तीन दिवसांनी झाकण मध्यावर आले, आणि मग खरा पेच उघडा पडला. दोन्ही बाजूंना फट सारखी झाली होती, पण पुढे अरुंद आणि मागे रुंद. म्हणजे झाकणाचाच आकार भोकाशी जुळत नव्हता. यात कुणाची लबाडी नव्हती. त्या काळी या गाड्यांची झाकणे कारखान्यात त्या त्या गाडीवर हाताने घासून बसवत. बाजारातले झाकण कुठल्या तरी एका गाडीवरून साचा घेऊन केलेले, ते दुसरीवर तसेच्या तसे बसेल ही अपेक्षाच चुकीची. माझ्या डब्यांचे कोडे मला तिथे उलगडले. कितीही सरकवा, खाचांच्या सत्तेबाहेरचे काम होते ते. पुढे कड घासायची आणि मागे कड वाढवायची.

मी तेव्हा विचारले, "मामा, वरचं मूळचं झाकण आहे ना? चीर सांधायला याहून सोपी जाईल. ते तर याच गाडीवर घासून बसवलेलं."

आजोबांनाही तो प्रश्न पडला असावा. त्यांनी वर पाहिले आणि मग मामांकडे.

"उजवी बाजू पुढे किती?" मामा म्हणाले.

"तीन."

"कानस घे."

घासण्याचे काम सोपे पण ओंगळ. काचेची धूळ अंगावर बसली की खाजकुयली बरी. मामींनी मला लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मुखवटा आणि मानेला पावडर असा जामानिमा केला. मी वधूसारखी सजून कानस चालवत होते. पाच-सात फेऱ्या, की धूळ पुसायची, झाकण ठेवायचे, पट्टी घालून बघायची.

वाढवण्याचे काम अवघड, आणि मला मनापासून आवडले ते. आधी मागच्या कडेचा रंग खरवडून काढायचा, कारण राळ रंगाला चिकटली तर रंगाबरोबर सुटून येते. मग कड आतून उतरती घासायची, दोन्हीकडून पाटीसारखी, म्हणजे नव्या-जुन्याची मिठी लांबवर पडते. समोरच्या मडगार्डाला मेण आणि चिकटपट्टी, नाहीतर झाकण आणि मडगार्ड कायमचे एकमेकांचे व्हायचे. काचेच्या धाग्यांची चटई असते, तिच्या पट्ट्या कापायच्या. राळ वाटीत घ्यायची, तिच्यात घट्ट करणारे द्रव थेंबाथेंबाने घालायचे. इथे हिशेब फार नाजूक असतो. थेंब कमी पडले तर राळ चिकट राहते. जास्त पडले तर वाटीतच तापते आणि दगड होते. त्यातून जूनचे ऊन. मामांनी सांगितले, "एका वेळी अर्धीच वाटी," आणि मी थेंब मोठ्याने मोजले, बालवाडीतल्या अंकांच्या सुरात. वास डोक्यात चढणारा; गॅरेजचे दार सताड उघडे, पंखा चालू. ओल्या चटईवर ब्रश आपटत आपटत आतली हवा काढायची, कारण आत राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुगतो. एक थर, दुसरा थर, तिसरा.

वाळल्यावर झाकण जागेवर ठेवून चार दिवस गाडी उन्हात उभी केली. नवा फायबरग्लास उन्हाने थोडा हलतो, आखडतो. त्याचे जे काही रुसणे-फुगणे व्हायचे ते अंतिम घासणीच्या आधी होऊन जावे. मामा त्या चार दिवसांत सारखे खिडकीशी. शेजारून कुणी विचारले तर मामी सांगत, "वाळवण घातलंय."

शेवटच्या टप्प्यात माझ्या शाळेने मला हात दिला. झाकणाखाली खिट्ट्या असतात त्या खटक्याच्या भोकात बरोबर मध्यावर उतरल्या पाहिजेत. पण झाकण लावले की आतले दिसणार कसे? मामा म्हणाले, मऊ माती हवी. मी आणि मामी दुकानातून मुलांची रंगीत माती घेऊन आलो. खटक्यांच्या भोकांवर मातीचे पेढे बसवले, झाकण अलगद टेकवले, उचलले. पिवळ्या पेढ्यावर खिट्टीचा ठसा डावीकडे सरकलेला, हिरव्यावर मधोमध. डावा खटका तेवढा हलवला. एअर क्लीनरवरही माती ठेवून पाहिली. मदारीमुळे तिथे भरपूर जागा होती. मग मागच्या कोपऱ्यांतले रबरी टेकू पिळून वर-खाली केले, झाकण मडगार्डाच्या पातळीला येईपर्यंत. आणि बंद करण्यापूर्वी मामांनी खटक्याला आणखी एक बारीक तार बांधून ती गाडीखालून हाताला लागेल अशी काढून ठेवली. मुख्य तार आत तुटली तर हे झाकण उघडण्याचा सरळ मार्ग उरत नाही, आणि मग चांगली चांगली माणसे पहार घेऊन येतात.

रंग दिला नाही. नव्या कडा करड्या अस्तरावरच ठेवल्या. मी विचारले तर म्हणाले, "रंग त्याला हवा तो देईल." कुणाला, हे मी विचारले नाही.

४ जुलैला तिकडे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते. मामेभाऊ आदल्या रात्री शिकागोहून तीनशे मैल मोटार हाकत आला होता. सकाळी मामींनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि सांगितले, "खाऊन झालं की गॅरेजात जा. बोलावलंय."

आम्ही दोघी मागोमाग गेलोच. मामा स्टुलावर बसले होते. गाडी दाराकडे तोंड करून, आणि सकाळचे ऊन बरोबर बॉनेटवर. तो दारातच थांबला. मग पुढे येऊन त्याने डाव्या फटीवर बोट ठेवले आणि ते मागे मागे नेत गेला. बोट आत गेले नाही. पुन्हा उजवीकडून. त्याचे मराठी घरातले, लहानपणीचेच राहिले आहे, वाढलेले नाही.

"बाबा, हा तोच हुड आहे? माझा?"

"तोच."

तो वर बघू लागला, आढ्याला टांगलेल्या त्या जुन्या झाकणाकडे. बहुधा ते अजून तिथे आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. "ते ओरिजिनल होता," तो म्हणाला. "ते रिपेअर केला असता तर गाडीची किंमत जास्त आली असती."

"त्याचे पैसे मी दिले होते," मामा म्हणाले. "याचे तू."

कुणी काही बोलले नाही. शेजारच्या आवारात पोरांनी सकाळीच फटाके लावायला सुरुवात केली होती. मामींनी पदर नाकाशी नेला आणि "मी तो कागद आणते" असे म्हणून आत गेल्या. गाडीच्या मालकीचा कागद. मामांना सही कुठे करायची ते दिसत नव्हते. मी त्यांचे बोट रेघेवर नेऊन ठेवले. त्यांनी सही केली. रेघेच्या थोडी वर गेली, पण स्पष्ट होती.

निघायच्या आधी मामेभावाने बॉनेट उघडले, तेल पाहिले, तेलाची पट्टी पुसून परत घातली. मग एअर क्लीनरच्या थाळीवरून सबंध गोल हात फिरवला. झाकण हळूच खाली आणले आणि दोन्ही कोपऱ्यांवर दोन्ही तळहात ठेवून दाबले. दोन्हीकडचे खटके एकदम वाजले.

"दोन्ही लागले," मामा स्टुलावरून म्हणाले.